सिग्नल किती?

(घराची गच्ची. काका आणि डिशवाला डिशपाशी. काकू खाली, टीव्हीच्या खोलीत, खिडकीशी.)

डिशवाला : अहो काका, इकडे तोंड केलं तर समोर पाण्याची टाकी येते. डिशला टाकीच्या आरपार दिसत नाही.

काका : टाकी असू दे. आग्नेय हीच. छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्यात मी. दिशा मला शिकवू नका. हे होकायंत्र बघा.

डिशवाला : ते बघतोय मी. पण गल्लीतल्या सगळ्या डिश तिकडे तोंड करून आहेत. त्या पिवळ्या इमारतीकडे.

काका : मग सगळी गल्ली चुकलीय. अगं ए! सिग्नल किती?

काकू : शून्य!

काका : नीट बघ. चष्मा लाव!

काकू : लावलाय! चष्म्यातून शून्य मोठं दिसतंय, एवढंच!

डिशवाला : काका, मी जरा फिरवून बघू का?

काका : हात लावू नका. दोन अंश वर घेतो मी. आता? आता किती?

काकू : शून्यच! आणि उन्हात टोपी घाला म्हटलं होतं!

काका : टोपीचा सिग्नलशी काय संबंध?

डिशवाला : एक विचारू काका? मघाशी म्हणालात, पेपर वाचतो, रेडिओ ऐकतो, टीव्ही म्हणजे डोक्याला ताप. मग हे एकदम कसं काय मनात आलं?

काका : हळू बोला, खाली ऐकू जातं. ही रोज सात वाजता शेजारच्या वहिनींकडे जाते, मालिका बघायला. नऊला परत. ते दोन तास मला घर खायला उठतं. मालिका इथेच दिसायला लागली, की जायचं काही कारण उरणार नाही.

डिशवाला : काकूंना माहितेय हे?

काका : तिला सांगितलंय, बातम्यांसाठी घेतोय.

डिशवाला : त्यापेक्षा सरळ म्हणायचं ना, आज घरी थांब. तारा नकोत, खिळे नकोत.

काका : लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत म्हटलं नाही, आता कोणत्या तोंडाने म्हणू? तुम्ही स्क्रू धरा.

डिशवाला : धरला. काका, रागावू नका, पण ते होकायंत्र तुम्ही ठेवलंय कशावर?

काका : खांबावर. हलू नये म्हणून.

डिशवाला : लोखंडी खांबावर.

काका : हो, लोखंडी. मग?

डिशवाला : ते घेऊन चार पावलं लांब जाऊन बघा बरं. काटा फिरला? आता आग्नेय कुठे येते?

काका : पिवळ्या इमारतीकडे.

डिशवाला : राहू द्या, होतं असं.

काका : असं नवशिक्यांचं होतं हो! आमच्या कचेरीत कोणी असं केलं असतं, तर मी त्याला दिवसभर उभं केलं असतं.

डिशवाला : तुम्ही उभेच आहात, जेवणापासून. सरका, फिरवतो मी. विचारा काकूंना.

काका : अगं, आता किती?

काकू : बारा! अहो, बारा आलं!

काका : आणि आता?

काकू : चाळीस! नाही, तीस! काय केलंत? मागे घ्या, मागे!

काका : आता? अगं बोल ना!

काकू : एकाहत्तर! थांबा, हलू नका दोघंही! चित्र आलं! कोणीतरी बाई रडतेय!

काका : तीच! तीच मालिका असणार. चला खाली, सात वाजत आले.

(खाली, टीव्हीच्या खोलीत.)

डिशवाला : हे घ्या काकू, रिमोट. वर-खाली केलं की चॅनल बदलतो. आवाज इथे.

काका : आता आरामात इथेच बसायचं. ती तुझी सातची मालिका लाव.

काकू : माझी? कुठली?

काका : वहिनींकडे बघतेस ती. रोज.

काकू : अहो, वहिनींचा टीव्ही चार महिने झाले, बंद पडलाय. त्यावर चादर घालून ठेवलीय त्यांनी.

काका : मग सात ते नऊ करता काय तुम्ही?

काकू : बोलतो.

काका : दोन तास? कशावर?

काकू : कशावर असं नाही. त्या विचारतात, आज काय काय केलंत? मी सांगते. मग मी त्यांना विचारते.

डिशवाला : काका, वर पक्कड राहिली माझी. घेऊन येतो.

काका : मला कधी बोलली नाहीस.

काकू : कधी बोलणार? मी चपला घालायला लागले, की तुम्ही पेपर तोंडासमोर धरता. मला वाटायचं, मी गेलेलीच बरी वाटते तुम्हाला.

काका : मला? मला घर खायला उठतं गं. त्याच्यासाठीच तर हे सगळं आणलं.

काकू : बातम्यांसाठी म्हणालात.

काका : बातम्या रेडिओवर येतात.

काकू : मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?

काका : ते नाही जमत मला. बरं, सांग. आज काय केलंस?

काकू : आज? दुपारभर खिडकीत उभी राहिले. घसा बसला. पण दिवस बरा गेला. एवढं सारखं सारखं तुम्ही मला कितीतरी दिवसांत काही विचारलं नव्हतं.

काका : मी सिग्नल विचारत होतो.

काकू : माहितेय मला. तरीपण.