लग्नाचे दहा गुण

अ‍ॅडलेडच्या इंग्रजी परीक्षेच्या केंद्रात भगवती नंबरची वाट बघत होती. मागच्या बाकावर दोघं तिच्याच नेपाळी भाषेत कुजबुजत होती.

“इथे कायम राहायच्या व्हिसासाठी एकट्या माणसाला दहा गुण असतात, युनिशा. बायकोचं इंग्रजी कच्चं निघालं तर ते जातात.”

“दोनदा नापास झालेय मी.”

“म्हणून म्हणतो, मंसिर महिन्यातलं लग्न पुढे ढकलू.”

“आईला काय सांगू? जावई गुण मोजतोय?”

“मला लवकरच तेहेतीस पूर्ण होतायत. मग वयाचेही पाच जातील.”

“आणि आज परत नापास झाले तर?”

“होऊ नकोस.”

“हे उत्तर नाही, दीपेन.”

तेवढ्यात युनिशाचं नाव पुकारलं. ती ओळखपत्र घेऊन आत गेली, मागे वळली नाही.

तो उठला, बसला, पुन्हा उठला.

“दिदी, किती वेळ चालते परीक्षा?” त्याने भगवतीला विचारलं.

“तीन तास.”

“मध्ये बाहेर सोडतात का?”

“नाही,” भगवती म्हणाली.