ताप उतरेपर्यंत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील न्यायमूर्ती, ज्यांच्यासाठी हा हारतुऱ्यांचा खटाटोप ते निवृत्त होणारे तुरुंगाधिकारी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, आणि चहा कधी येतो या चिंतेत बसलेल्या स्त्री-पुरुषहो,

प्रथम एक गंभीर तक्रार. माझी खुर्ची कुरकुरते. आधीच्या वक्त्यांनी 'माणुसकी' म्हटलं की ही नेमकी कुरकुरली, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुरुंगाच्या सभागृहात हे शोभतं? इथल्या फाशीच्या तख्ताच्या बिजागऱ्यांना दाजी स्वतः उभं राहून तेल घालून घेतात. फळ्या वाजल्या तर माणूस दचकतो म्हणे. पुढे दचकायला तो उरत नाही, ही गोष्ट वेगळी.

अध्यक्षांनी या कारकिर्दीला 'दयेचं पर्व' म्हटलं. मी पडलो बातमीदार, त्यात संस्कृत शिकलेला. मागचं उकरायची खोड जात नाही. जुन्या नाटकांत वध्याला चंदनाचा लेप लावत, गळ्यात तांबड्या फुलांची माळ घालत, पुढे नगारा वाजवत. दाजी, हार चाचपू नका, तुमचा पिवळा आहे. मग कुऱ्हाड आली. मारेकऱ्याचा हात थरथरतो म्हणून मान उडवणारं यंत्र आलं. मग वजनाच्या हिशेबाने दोर, मग विजेची खुर्ची, मग विषाची सुई. प्रत्येक पिढीने आदल्या पिढीला रानटी म्हटलं आणि स्वतःची पाठ थोपटली. सुई टोचण्याआधी दंडाला स्पिरिट लावतात, ठाऊक आहे? जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून!

न्यायमूर्ती म्हणाले, फाशीने जरब बसते. बसत असेल, तर ती उजाडायच्या आत, भिंतीआड का उरकता? जे करायची लाज वाटते तेच माणूस दार लावून करतो. आणि चुकीचा माणूस लटकला, तर निकाल फिरवता येतो. त्याला खाली उतरवून घरी पाठवता येत नाही.

सध्या इथे एक कैदी आहे. त्याने दोन जीव घेतले, यात शंका नाही, आणि मला त्याचा पुळका नाही. त्याचा दिवस ठरला होता. पण त्याला न्यूमोनिया झाला, आणि आजारी माणसाला फाशी देता येत नाही. केवढी ही कळकळ! आधी बरा करायचा, धडधाकट असल्याचा दाखला द्यायचा, मग लटकवायचा. बोकडाची निगा राखणारा खाटीक निदान त्याला दया म्हणत नाही.

इथली डॉक्टर माझी मुलगी. परवा जेवताना दाजींनी तिला विचारलं, "काय डॉक्टरीणबाई, कधी उभा राहतोय तुमचा पेशंट?"

"ताप उतरला की, काका."

"उतरव गं लवकर. जाण्याआधी एवढं हातावेगळं झालं असतं."

ताई म्हणाली, "अहो, भात वाढू का?" दाजी म्हणाले, "वाढ की." आणि पोटभर जेवले. ताई, डोळे वटारू नकोस. हे सगळं मायेपोटीच बोलतोय.

मुलगी मात्र ताटावरून उठली. मला म्हणाली, "बाबा, मी त्याला औषध देतेय ते नेमकं कशासाठी?" या विषयावर मी आयुष्यभर रकानेच्या रकाने खरडले. तिला काय सांगू? औषध थांबव म्हणू? तशी मुलगी मी वाढवलेली नाही.

असो. मला बोलावलंत, ऐकून घेतलंत, आभारी आहे. निरोपाच्या घरी जीभ सैल सुटली, ते पोटात घाला. दाजी, उरलेलं आयुष्य सुखाने घालवा; तुमची जागा रिकामी राहणार नाही, याची मला खात्री आहे.

मुलगी आज इथे नाही, वॉर्डात आहे. तिच्या हाताला लहानपणापासून गुण आहे, आणि मी ते चारचौघांत कौतुकाने सांगत आलो. दुपारी तिचा फोन आला होता. त्याचा ताप उतरलाय. दाखल्यावर सही तिलाच करायची आहे, आणि आज घरी आल्यावर तिच्याशी काय बोलावं, ते मला कळत नाही.