काडाच्या गाठी अन् बाळंतिणीची शेगडी

...शेगडी! पुन्हा शेगडी! मले सांगा, ज्या खोलीत चारी भिंतींले वाळलं काड रचलं हाये, तिथं बाळंतिणीच्या खाटेखाली लालबुंद निखारे ठेवते का कोणी? ठेवते! माह्या घरात ठेवते! सकाळ-संध्याकाळ ठेवते! एक ठिणगी, मायबाप, एकच ठिणगी...

आता तुम्ही म्हणसान, तुळशीराम, काड लावलं कोणं? मीच लावलं! हसा! आमचं घर संग्रामपुराच्या वरच्या अंगाले, सातपुड्याच्या पायथ्याशी, जुनं, कुडाचं. पोषातला वारा या भिंतीतून येते अन् त्या भिंतीतून जाते, मधात आम्ही कुडकुडत. अन् लेक कोकिळा पहिलटकरीण, बाळंतपणाले माहेरी आलेली. तिची सासू डोणगावहून धाडतानाच बजावून राह्यली, "व्याही, माह्या सुनेले वारं लागलं त पाहा!" वारं लागलं म्हणजे काय, हे मले सांगावं लागते का? माही थोरली बहीण बाळंतपणात वाऱ्यानंच गेली. भेव वाटते हो मले, खोटं काऊन बोलू?

मंग गेलो मलकापूरले. साळा भगवंतराव तिथं कापसाच्या प्रेसमधी. इंग्रजाच्या लढाईवरच्या घोड्यांसाठी गव्हाचं काड दाबून, दोरीनं आवळून, हे मोठाल्या गाठी करून राह्यले होते. साळा म्हणे, "भाऊजी, ह्या गाठी भिंतीले रचा, वरून शेणमातीचा जाड लेप द्या. वाऱ्याचा बाप आत येत नाही!" आणल्या बंडीत भरून. रचल्या. लेप उद्या देऊ म्हटलं... अन् त्याच राती कोकिळाले कळा! नातू झाला. लेप राह्यला!

कारभारणीले म्हटलं, आता देतो लेप. "बाळंतिणीच्या खोलीत ओल्या भिंती? डोकं ठिकाणावर हाये का तुमचं?" बरं, मंग शेगडी नको. त सुईण, सोजराबाई, कमरेवर हात ठेवून उभी! "शेक नाही भेटला त अंगात वारं शिरते, भाऊ." म्या म्हटलं, अवो, वारं खोलीतच येऊन नाही राह्यलं, त अंगात शिरन कोठून? त म्हणे, "तुम्ही आजवर कितीक डाव बाळंत झाले?"

मंग बसलो दारात, पाण्याचा हंडा घेऊन. आत सोजराबाई निखाऱ्यावर ओवा टाके, ओवा तडतडे, माहा जीव तडतडे! शेजारची येऊन म्हणे, "काय ऊब हाये व माय, जशी चैत्रातली दुपार!" चैत्रातच काडाच्या गंज्या पेटतात, बाई! एक ठिणगी, मायबाप, एकच ठिणगी...

अन् उडाली! खरंच उडाली! देवाशपथ सांगतो, ह्या डोळ्यांनं पाह्यली. लसणाची सालं टाकली तिनं धुरीले, ठिणगी उडाली, गाठीवर बसली, एक काडी लाल झाली... उचलला हंडा, घुसलो आत, ओतला! काडी विझली. शेगडी विझली. सोजराबाई विझली! अर्धं पाणी माह्याच अंगावर. अन् जळकी काडी कोणाले दिसली? कोणालेच नाही! "वेडं झालं हे माणूस," कारभारीण म्हणे, अन् मले तसंच वलंचिंब, पोषाच्या वाऱ्यात, अंगणात काढून दिलं. आत ह्या बायांनं नवे निखारे भरले.

मंग काय होते? ताप. हुडहुडी. दात वाजून राह्यले. कोकिळा बारसं झाल्यावर उठली, पोराले घेऊन अंगणात ऊन खाऊन राह्यली, टुणटुणीत! अन् साऱ्या घरात वारं लागत नाही अशी खोली एकच. मले टाकलं तिथं. तिच्याच खाटेवर. डोक्याले फडकं, कानात कापूस. उशाले काड, पायथ्याले काड. हात जोडले, म्हटलं, सोजराबाई, माह्यावर दया करा, एक ठिणगी...

तिनं वाकून शेगडी खाटेखाली सरकवली. म्हणे, "गपचूप पडा, भाऊ. पहिलं बाळंतपण जडच जाते."