संमती मागे घेण्याबाबत

विषय : परदेशी तैनातीस एक वर्ष मुदतवाढ देण्यास पालक म्हणून दिलेली संमती मागे घेण्याबाबत. संदर्भ : आपल्या कचेरीचे गेल्या महिन्याच्या तेरा तारखेचे पत्र व माझे चौदा तारखेचे उत्तर — हो हो, चौदाच, ताई, लिहिताना चूक नाही झालेली. सकाळी पत्र हातात पडलं, दुपारी उत्तर टपालात. चौतीस वर्षं जावक विभागात काढली मी, माझ्या टेबलावर कागद कधी मुक्कामाला राहिला नाही. आता म्हणाल, इतक्या तडकाफडकी दिलेली संमती महिन्याभरात परत कशाला मागता? तेच सांगतोय. माझ्यामागे रांगेत कोणी नाही, जेवणाच्या सुट्टीला वीस मिनिटं आहेत, आणि तुम्ही इथे नवीन दिसता — तुमच्या शिक्क्याला अजून शाई आहे.

मुलगी एकुलती. नाव अर्जात आहे, घरात तिला भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी म्हणून कधी बसली नाही, केस कापतानासुद्धा नाही, न्हाव्याने हात टेकले होते. ती सैन्यात गेली. पूल बांधणाऱ्या तुकडीत. आणि तिथून थेट समुद्रापलीकडे, ती शांतिसेना की काय ती, तिच्यात. म्हणजे दुसऱ्यांच्या देशात, दुसऱ्यांनी भांडून पाडलेला पूल, आमच्या भिंगरीने बांधायचा — आणि इथे तिच्या कपाटाची मूठ निखळलीय, ती तीन वर्षं ‘बाबा, करते हं’ यावर लोंबकळतेय. असो. ती गेल्यापासून आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ साडेतीन तास मागे आहे. बिघडलेलं नाही, आमच्या हिनेच लावलंय तसं, तिकडच्या वेळेवर. पोरगी तिकडे जेवायला बसली की इकडे आमची ताटं. म्हणजे मला दुपारचं जेवण साडेचारला! मी एकदा म्हटलं, अगं, सैन्यात ती आहे, मी नाही. तर म्हणते, “तुम्हाला कुठे जायचंय? पेन्शनीतली माणसं तुम्ही.” वर्ष संपलं की काटे पुढे करीन असं कबूल केलं होतं तिने. वर्ष संपत आलं — मी मनातल्या मनात एक वाजता जेवायलाही लागलो होतो — आणि तुमचं पत्र आलं.

हिला मी सांगितलं, घाईत होतो, न वाचता सही केली. पटलं? छे! “औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर दुकानात उभं राहून वाचणारा माणूस न वाचता सही करतो होय!” तेव्हापासून अबोला. अगदीच अबोला असंही नाही, कामापुरतं बोलते, पण भिंतीशी. “भिंते, दूध संपलंय. भिंते, पायपुसणं ओलं आहे.” भिंत बिचारी पिशवी घेऊन दुधाला जाते. शेवटी परवा भिंतीला हुकूम झाला — संमती मागे घ्या. आता वेळ किती उरलाय तेही बघा. बदली तुकडी येत्या सोमवारी निघते. त्याआधी हा अर्ज मंजूर झाला तर भिंगरीच्या जागी दुसरं कोणी जाईल आणि ती घरी येईल. नाही झाला, तर आणखी एक वर्ष. तुमच्या हातात आहे म्हणजे किती आहे ते कळलं ना?

तर — जरा काचेजवळ या. या अर्जाला जोडपत्र ब लागतं, तिच्या नोकरीच्या तपशिलाचं. ते तुम्हाला पाकिटात सापडणार नाही. नाही, विसरलो नाही. लावलेलंच नाही. तुम्ही फक्त शेरा मारायचा, ‘जोडपत्र ब नाही’, आणि कागद त्या डावीकडच्या गठ्ठ्यात सोडून द्यायचा. फेटाळू नका हं! फेटाळलेल्या अर्जावर अपील होतं, मंजूर अर्जाचा अंमल होतो, पडून राहिलेल्या अर्जाचं मात्र ब्रह्मदेवसुद्धा काही करू शकत नाही. घरी जाऊन ताठ मानेने सांगता येतं, ‘दिलाय अर्ज, साहेब बघतायत.’ साहेब बघतायत म्हटलं की माणसं गप्प बसतात, बायकोसुद्धा.

असं बघू नका माझ्याकडे. बरं, ऐका. सही मी वाचून केली. तीनदा वाचून. तुमच्या पत्राच्या आठ दिवस आधी भिंगरीची चिठ्ठी आली होती — घरी नाही, वाचनालयाच्या पत्त्यावर, मी रोज तिथे बसतो हे ठाऊक आहे तिला. ‘बाबा, पूल नदीच्या मध्यावर आलाय. अर्धा टाकून आले तर घरी येऊन मी करू काय? कागद येईल, सही करा. आईला मी सावकाश सांगते.’ सावकाश! एवढी सैन्यातली पोरगी, पण आईसमोर जायची वेळ आली की बंदूक बापाच्या खांद्यावर. केली सही. चिठ्ठी टेबलाच्या खणात, जुन्या वर्तमानपत्राखाली ठेवली, आणि जोडपत्र ब आज त्याच खणात ठेवून आलो. सगळा गुन्हा एका जागी असला की लक्षात ठेवायला सोपं.

मला? मला काय वाटायचंय. मी अर्जदार. पण... हा अर्ज तर नुसता दाखवायचा होता ना, मग मी त्याचे तीन मसुदे का केले, सांगा बरं? दुसरा परिच्छेद बघा — ‘घरी तिची गरज आहे.’ हे हिने सांगितलेलं नाही. ते आपलं... मसुद्यात आलं. वाचनालयात गेलो की तिकडच्या बातमीचं पान मी पहिलं उचलतो. परवा तिथे नदीपलीकडे दोन सैनिक — आपले नव्हेत हो, दुसऱ्याच कुठल्या देशाचे, आणि नदीच्या पलीकडे, भिंगरी अलीकडे आहे — जाऊ दे ते. ते पान वाचून कोणी हिच्या कानावर घालू नये म्हणून घडी घालून घरी आणलं. चौतीस वर्षांत कचेरीची टाचणी घरी नेली नाही, आणि आता वाचनालयाची पानं चोरतो. तीही त्याच खणात. काही नाही, चष्म्यावर धूळ बसलीय.

काय? आहे? नाही हो, कसं असेल? दाखवा.

जोडपत्र ब. टाचलेलं. आणि ही टाचणी — निळ्या डोक्याची. ही कचेरीची टाचणी नव्हे, ताई, ही शिवणाच्या डब्यातली. सकाळी मी अर्ज आणि पेन हिच्यापुढे ठेवलं, अंघोळ करून आलो तर पाकीट चिकटवून तयार. मला वाटलं, सही करून चिकटवलं असेल. म्हणजे खण उघडला तिने. वर्तमानपत्र उचललं. मग चिठ्ठी वाचली असणार. आणि ती पानं... तीही वाचली असणार. आणि मला पाण्याची बाटली भरून दिली, आणि भिंतीला म्हणाली, “ऊन आहे, छत्री घ्या.”

बरं. म्हणजे अर्ज पुरा झाला. आता तुमचाही इलाज नाही, माझाही नाही. नियम तो नियम. मारा शिक्का.

थांबा. ताई, थांबा, शिक्का खाली ठेवा. दुसरं पान उलटा. ही माझी सही. आणि शेजारी, जिथे ‘आईची सही’ छापलंय तिथे — मोकळं. संमती देताना एकाची सही पुरते, मागे घेताना दोघांची लागते, हा नियम करणारा माणूस पक्का संसारी असला पाहिजे. विसरली असेल म्हणता? ती? पाहुण्यांना दिलेला डबा वर्षाने झाकणासकट मागून आणते ती. लपवलेलं जोडपत्र हुडकून टाचणारी बाई सही विसरत नसते. माझी लबाडी काढून तिथे स्वतःची ठेवली तिने. आणि घरी भिंतीला अजूनही तेच सांगेल, ‘पोरीला परत आणा.’

हो, घर दहा मिनिटांवर आहे. पाचपर्यंत खिडकी उघडी असते, तेही ठाऊक आहे मला. सही घेऊन या म्हणता...

...

नको. लिहा तुम्ही शेरा. मी सांगतो तसा, आडवातिडवा नको, समासात. आणि मग मिटा खिडकी, जेवून घ्या, तुमची पाच मिनिटं खाल्ली मी. आवक क्रमांक चारशे बारा. अर्ज आज दाखल. पान दोनवर अर्जदाराच्या पत्नीची सही नाही. अर्ज प्रलंबित.