लांबची बास्केट

हॅलो?… हो, अर्डिसच. माझ्या घरी दुसरं कोण उचलणार?… बोल नोरीन. पाय कसा आहे?… कंबर. हो गं, कंबर म्हणायचं होतं. डॉक्टर काय म्हणाला?… मग चाल ना थोडी. काठी काय शोभेला आणलीय?

वाचलं. सकाळीच वाचलं. वेंडेल स्ट्रिकला दर मार्चमध्ये पेपरात रडायला एक दुःख लागतं, यंदा हे सापडलंय… तूच वाच, माझ्या पेपरावर हॉटडिशचं भांडं ठेवलंय… हं… हं… "दहा कॉलेजं, दीडशे पोरं, आणि ज्याच्यासाठी बर्फातून गाडी काढावी असा एकही नाही." हो, तेच.

अगं, चिडतेस कशाला? खोटं काय आहे त्यात?… नोरीन… नोरीन, ऐक ना. पूर्वी होते. आता कोण थांबतं आपल्या या दहा कॉलेजांच्या बास्केटबॉल कॉन्फरन्समध्ये? आपण पोराला दोन वर्षं जेवू घालायचं, त्याचा डावा हात सुधारायचा, आणि तिसऱ्या वर्षी मोठं विद्यापीठ येऊन पैसे दाखवून घेऊन जाणार. पेरणी आपली, कापणी त्यांची. तारे राहणार कुठून?

एमेरी?… एमेरी प्रूइट चांगला आहे, मी कुठे नाही म्हणते… थांबला. चार वर्षं थांबला, आईसारखा खेळवतो सगळ्यांना, मान्य. पण थांबल्याचा आकडा कुठल्या रकान्यात लिहू? माझ्या कागदांवर सामन्याला नऊ गुण आणि पाच असिस्ट. नऊ-पाचला तारा म्हणत नाहीत, नोरीन. भला मुलगा म्हणतात.

हो, हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंची मतं आजच. दहा कोचची मतं पाच वाजेपर्यंत पोचायची… पहिल्या पाचांत नाही येणार तो. दुसऱ्या पाचांतही कठीण… मला माहीत आहे त्याला गरज आहे. त्याच्या कोचनेच सांगितलं, फिनलंडच्या कुठल्याशा क्लबचा माणूस विचारतोय. तो काय साउथ डकोटात येऊन बघणार आहे? त्याला कागद दिसतो फक्त. मग मी काय करू? कागदावर साखर पेरू?

…तू मोजतेस? कशावर?… पाकिटाच्या मागे. रेडिओ ऐकून. बरं. अगं, रेडिओवरचा गस आपल्या गावचा. आपल्या पोराने नाक शिंकरलं तरी त्याला त्यात असिस्ट दिसतो… काल किती भरले तुझ्या पाकिटावर?

अकरा?

माझ्याकडे सहा.

म्हण, चिक्कू म्हण. एकतीस वर्षं लोक म्हणतात. सामन्याचे आकडे मी बोलते आणि शेजारी बसून मर्ल टाइप करतो, आणि मी बोलले ते बोलले. तुला शंभरदा सांगितलंय. पास आला, घेतला, टाकला, गेला, तर तो असिस्ट. पास आला, मग गड्याने दोन टप्पे घेतले, गिरकी मारली, रात्री काय जेवायचं त्याचा विचार केला आणि मग टाकला, तर ती बास्केट त्याची एकट्याची. आणि शंका आली तर द्यायचा नाही. मला दिसलं नाही म्हणजे झालं नाही.

बाहेरगावी त्याचे नऊ-दहा होतात, ठाऊक आहे मला. तिथले आकडेवाले खिरापत वाटतात. सगळ्या कॉन्फरन्समध्ये मीच एकटी… काय?

…परत म्हण.

…हो. खिरापत घरच्यांना वाटतात. पाहुण्याच्या पोराला कशाला वाटतील… हं.

नाही, आहे मी. आहे लाइनवर. विचार करतेय.

बरं, थांब. पूर्वार्धात तुझ्या पाकिटावर किती? वेगळं लिहिलंयस ना?… पाच. माझेही पाच. बघ, आपण दोघी एकाच आईच्या… आणि उत्तरार्धात?… सहा. माझा एक.

एक.

नोरीन, फोन ठेवू नकोस. कॉम्प्युटर उघडते. कालचं रेकॉर्डिंग आलंय, तुझ्या गसचं तोंड एकदाचं बंद करू… चष्मा? लागत नाही. एवढ्या जवळून मला सगळं दिसतं.

हं. सुरू झालं. उत्तरार्ध, घड्याळात अठरा मिनिटं बाकी. चार नंबर, म्हणजे एमेरी, चेंडू घेऊन येतोय. उजवीकडे बावीस. पास. बावीसने दोन टप्पे, वळला, टाकला, गेला. असिस्ट नाही. तुझ्याकडे आहे?… खोड तो. गसला माझा नमस्कार सांग.

घड्याळात सोळा-दहा. चार नंबर आत घुसला… दोघं अंगावर आले… त्याने…

थांब. मागे घेते.

त्याने चेंडू मागे सोडला, नोरीन. न बघता. खालून, दोघांच्या मधून. आणि अकरा नंबर नेमका तिथे. घेतला आणि घातला. टप्पा नाही, काही नाही.

कागद बघते मी काय बोलले होते ते. सोळा-दहा… "बास्केट, अकरा. असिस्ट नाही."

…नाही, माहीत नाही का. पुढे जाऊ दे.

बारा-एकावन्न. चार नंबर, कोपऱ्यात पास, तीस. लगेच टाकला. गेला. तीन गुण. कागदावर… नाही. नऊ-चाळीस. चार नंबर, वरून लांब पास, बावीस. हवेतच घेतला. कागदावर असिस्ट आहे, पण सतरा नंबरला दिलाय. सतरा तर बाकावर बसलाय, नोरीन. इथे दिसतोय मला. गळ्यात टॉवेल घालून बसलाय.

सहा मिनिटं. दिला. कागदावर नाही. चार-दोन. दिला. नाही. शेवटचं मिनिट. दिला. हा आहे कागदावर.

…हो, मोजतेय. हा जो माझ्याकडे होता तो धरून सहा… अगं नाही, तुझा एक खोडला ना आपण, मग तुझे पाच. सतरावाला गसनेही… बरं, गस बावीसला ओरडण्यात विसरला असेल. तुझे पाच आणि तो. सहा. पाच अधिक सहा. अकरा.

काल अकरा दिले त्या पोराने. मी तिथे होते आणि मी ते पाहिलेच नाहीत. तो मागे सोडलेला चेंडू… एकतीस वर्षांत असा पास मी दोनदा, फार तर तीनदा पाहिला असेन. आणि हा माझ्यासमोर झाला.

समोर नाही. सांगते तुला. या वर्षी जागा बदलली आमची. टेबलाशेजारच्या खुर्च्या देणगीदारांना दिल्या, आणि आम्हाला वर बसवलं, शेवटच्या रांगेत, बँडच्या बाजूच्या कोपऱ्यात. पूर्वार्धात आपली पोरं आमच्याकडच्या बास्केटवर टाकतात. उत्तरार्धात पलीकडच्या… हो. लांबच्या.

…नाही, मर्लला दिसत नसतं, त्याची मान कीबोर्डात. पण तो थांबायचा. आता आठवतंय. "नक्की?" म्हणायचा. मी म्हणायचे, टाइप कर.

बाकीचे कागद इथेच आहेत, टेबलावर. थांब… जानेवारी, पूर्वार्ध चार, उत्तरार्ध एक. पाच आणि दोन. चार आणि शून्य. शून्य, नोरीन. गेल्या वर्षीचा काढते… चार-चार. पाच-चार. तीन-पाच. गेल्या वर्षी मी खाली बसत होते.

चौदा सामने झाले घरी.

…डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला होता ऑक्टोबरात. डाव्यात मोतीबिंदू, उजव्यात सुरुवात. मी म्हटलं हंगाम संपला की बघू… नाही सांगितलं तुला. तू लगेच गाडी काढून आली असतीस, तेव्हा कंबर धड होती तुझी.

खुर्चीचा दोष? अगं, खुर्ची त्यांनी हलवली. पण तिथे नेऊन बसवलं तेव्हा खुर्च्या लावणाऱ्या डॅरिलने विचारलं होतं, दिसतं ना इथून? सगळ्यांसमोर विचारलं. आणि मी म्हटलं, मला काय झालंय न दिसायला. हे मी म्हटलं, खुर्चीने नाही.

रडू नकोस. तू रडलीस तर मला सुचणार नाही… मी नाही रडत. नाक वाहतंय, थंडी आहे.

किती वाजले? तीन वीस. बरं.

…तसं करता येतं. रेकॉर्डिंग परत पाहिलं म्हणून सांगायचं, सुधारलेला कागद पाठवायचा. नियमात बसतं. पण ऐक, मतदानाच्या दिवशी, दुपारी तीन वाजता, घरची आकडेवाली घरच्या पोराचे असिस्ट दुप्पट करून पाठवते. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी काय म्हटलं असतं? फोन करून सगळ्यांना हसवलं असतं तुझ्यासकट. बाकीचे नऊ कोच तो कागद टोपलीत टाकतील आणि वर पोराचं नाव खराब होईल. काल ते फिनलंडचं सांगताना कोचने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, संशयाला तेवढंही पुरेल लोकांना.

आणि कालचा एकच सामना नाही. चौदा आहेत. पाचपर्यंत चौदा सामने बघून होणार नाहीत.

…तेच म्हणतेय मी. कारण दिलं तरच मानतील. आणि कारण एकच आहे.

हो. पुढचा आठवडा. मलाही तेच आठवलं. पत्र फ्रिजवर लावलंय, गळ्यात घालायची पट्टीही आलीय, नावाची… सू फॉल्सच्या मोठ्या मैदानावर, टूर्नामेंटच्या टेबलावर. एकतीस वर्षांत पहिल्यांदा बोलावलं त्यांनी… जाईल ते. जाऊ दे म्हणत नाही मी. जाईल, एवढंच म्हणतेय. ज्या बाईला लांबचं दिसत नाही तिला टूर्नामेंटला कोण बसवेल? मी नसतं बसवलं.

तू म्हणशील तुला काय पडलंय, पोरगा कोण लागतो तुझा… नाही म्हणणार? बरं झालं. मीच म्हणत होते मनात. तो कोणी लागत नाही, नोरीन. जिन्यात भेटला तर दार धरून उभा राहतो, बस. चार वर्षांत एकदाही विचारलं नाही, की बाई, माझा तो पास तुम्ही का धरला नाहीत. बाकीची पोरं विचारतात. आयाही विचारतात. हा नाही. त्याला वाटलं असेल, हिने नाही म्हटलं म्हणजे नसेलच झाला.

ते मला सहन होत नाही बघ. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला ते.

…काय सांगू? आकडा नाही सांगणार. आकडा मला माहीतच नाही चौदा सामन्यांचा. मी सांगणार की उत्तरार्धातले माझे असिस्ट धरू नका. एमेरी प्रूइटला मत द्यायचं की नाही ते कोचनी ठरवावं, पण त्याआधी एक तरी उत्तरार्ध डोळ्यांनी बघावा. कालचा बघावा. सोळा-दहा बघावं. तेवढं पुरेल. मग म्हणू दे वेंडेलला, कोणी नाही म्हणून.

कारण सांगेन ना. सांगेन म्हटलं… तुला कशाला आधी म्हणून दाखवू?

…बरं. मी… हे बघ, मी एकतीस वर्षं… नाही. तिथून सुरू केलं तर ते माझं कौतुक करायला लागतील आणि मला पुढचं बोलता येणार नाही.

मला… थांब, पाणी पिते.

मला या वर्षी लांबची बास्केट दिसत नव्हती.

…हो. झालं बोलून. ऐकू आलं ना तुला? एकदा आलं, पुरे.

अगं ये ना, पण कशात बसून येणार, कंबर मोडलीय तुझी. मीच येते रविवारी. नाही, गाडी नाही चालवत, मर्लला सांगते… हो, त्यालाही सांगायचंय. त्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं खरं तर… ऑपरेशनचं नंतर बोलू. नंतर, नोरीन. तीन पस्तीस झाले. ठेवते.

ठेवते म्हटलं. तूच आधी ठेव.

…ठेवलं हिने.



हॅलो?… हॅलो, कॉन्फरन्स ऑफिस का? आकडेवारीचं कोण बघतं?… हं, तुम्हीच. मी अर्डिस टॉलफसन… हो, हो, पत्र मिळालं. पट्टीही मिळाली, छान आहे. फोन त्याबद्दल नाही… म्हणजे शेवटी त्यालाही लागू होईल.

एक चूक नोंदवायची आहे. आजची मतं बंद व्हायच्या आत दहाही कोचना कळायला हवी… नाही, टाइपिंगची नाही, टाइप करणाऱ्याने बरोबर केलंय. माझी… आमच्या घरच्या सगळ्या सामन्यांची. उत्तरार्ध.

लिहून घेताय ना? मी सावकाश सांगते.

या हंगामात उत्तरार्धात मला लांबची बास्केट दिसत नव्हती. जे दिसलं नाही ते मी झालंच नाही म्हणून लिहवलं. त्यात सर्वांत जास्त नुकसान चार नंबरचं, एमेरी प्रूइटचं, झालंय. रेकॉर्डिंग आहेत. कालचं आधी लावा.

…तुमचे आभार, पण नाही. "तांत्रिक अडचण" नका लिहू. मी एवढी वर्षं कागदावर जे झालं तेच लिहीत आलेय, असं समजून बसले होते.

"दिसत नव्हतं" लिहा.

…हो. आणि खाली माझं नाव.