तात्यांसाठी राखलेला नारळ

मुलुंडच्या शाळेत समुपदेशक बाईंच्या खोलीबाहेर श्रुतिकाने आपला पालकांचा फॉर्म भरला आणि पेन शेजारच्या बाकावरच्या अनोळखी भावाबहिणीला दिलं.

“घरात आधी कुणाला असा त्रास होता का, विचारलंय. नाही लिहिते,” बहीण भावाला म्हणाली.

“आणि तात्या?”

“आपल्या वडिलांना काय होतं रे?”

“गिरणी बंद झाल्यावर दिवस दिवस माळ्यावर बसायचे. आता तुझ्या प्रांजलला शाळेने शांत कोपरा दिलाय ना, तसेच.”

“आई आपल्याला ओरडू द्यायची नाही. शिडीवर चहा ठेवायची.”

“आणि कप घेऊन खाली आले की म्हणायची, आलात ते बरं झालं, तेवढा नारळ फोडून द्या.”

“त्या नारळाला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.”

“मग हो लिही. नारळाचंही लिही.”

श्रुतिकाने आपल्या फॉर्मवर त्याच प्रश्नापुढे लिहिलेलं ‘नाही’ पुन्हा वाचलं.

“ताई, तुमचं झालं की पेन द्या हं परत, मलाही एक उत्तर बदलायचंय.”