भारी पेट्रोल

पेट्रोल एकदम महाग झालं त्या साली विट्याच्या पंपावर माझ्यापुढं एक बुलेट उभी होती. मागच्या सीटवर वाकळ घडी करून बांधली होती. शेजारी बुलेटवाल्याची बायको पोट धरून उभी होती. पंपावरच्या इलाहीची त्यांच्याशी ओळख होती.

"कृष्णातदादा, नेहमीचं साधंच न्हवं?"

"आज भारी घाल. हिला मिरजेला न्यायचंय, ऑपरेशन हाय."

"आवं, माझ्यासाठी कशाला भारी? साधंच घाला."

"तू गप. भारी घातलं की गाडी धडधडत न्हाई. हादरा बसू द्यायचा न्हाई, म्हणलाय डाक्टर."

"दादा, हादरा खड्ड्यानं बसतोय. पेट्रोल त्याला काय करणार?"

"ठाव हाय रं. घाल."

"बघ इलाही, वरातीच्या गाडीतबी एवढं जपलं न्हवतं यांनी."

"तवा तुझं काय दुखत न्हवतं."

"आता तरी मी कुठं दुखतंय म्हणलं?"

"म्हणत न्हाईस, म्हणूनच भारी घालतोय. बस आता, हळू. धर मला."

"धरलंय की."

बुलेट माणसाच्या चालीनं रस्त्याला लागली.

"काका, तुमाला कुठलं घालू?"

"साधं घाल. मी एकटाच हाय."